बेसबॉल कार्डाचा भाव कशानं चढतो, कशानं पडतो: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

खेळाडूनं लागोपाठ तीन सामन्यांत होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा, मैदानाबाहेर जाणारा फटका) मारले आणि त्याच आठवड्यात त्याच्या कार्डाचा भाव उतरला, असं अनेकदा घडतं. नवखा माणूस नेमका इथंच गोंधळतो. कार्डाच्या भावात लोकांनी त्या खेळाडूकडून धरलेली अपेक्षा आधीच भरलेली असते. भाव हलतो तो त्या अपेक्षेत आणि प्रत्यक्ष खेळात अंतर पडलं की. चाळीस होमरनची आशा असलेल्यानं तीस मारले तर कार्ड खाली येतं, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं त्यानं वीस मारले तर तेच कार्ड दुप्पट होतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा नाद बहुधा मुलं शाळेतून घेऊन येतात. पाकिटं फुटतात, कार्डं डब्यात साठतात आणि मग प्रश्न पडतो, यातलं ठेवायचं काय आणि विकायचं कधी. क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या आईवडिलांनाही हे गणित समजायला अवघड नाही. क्रम मात्र नीट पाळावा लागतो.

१. हातातलं कार्ड नेमकं कोणतं?

कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला कार्डाचा क्रमांक असतो, तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि वर्ष. हे तिन्ही कळल्याशिवाय भाव शोधू नका. आजकाल एका खेळाडूची एकाच वर्षात शेकडो वेगवेगळी कार्डं निघतात, आणि दिसायला सारख्या दोन कार्डांच्या भावात शंभरपट फरक असू शकतो.

खेळाडूच्या कामगिरीचा परिणाम सगळ्यात जास्त होतो तो दोन प्रकारच्या कार्डांवर. पहिला प्रकार रुकी कार्ड, म्हणजे मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये) नव्यानं आलेल्या खेळाडूचं. २००६ पासून अशा कार्डावर पुढच्या बाजूला ‘आरसी’ हे चिन्ह छापलेलं असतं. दुसरा प्रकार बोमन या कार्डमालिकेतलं पहिलं कार्ड, म्हणजे खेळाडू मेजर लीगमध्ये पोहोचण्याच्या कितीतरी आधी निघालेलं. त्यावर ‘फर्स्ट’ असा शिक्का असतो. माइक ट्राउटचं उदाहरण घ्या. त्याचं सही असलेलं बोमन क्रोम ड्राफ्ट कार्ड २००९ चं आहे आणि रुकी कार्ड टॉप्स कंपनीच्या २०११ च्या अपडेट संचातलं, क्रमांक यूएस१७५. दोन्ही त्याचीच, पण बाजार दोन वेगळे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी निघालेली साधी कार्डं खेळाडू कितीही गाजला तरी फारशी हलत नाहीत. डब्यातली बहुतेक कार्डं याच वर्गातली निघतील, हे आधीच धरून चला.

मग पॅरलल बघा. एकच चित्र, पण कडेचा रंग वेगळा आणि कार्डावर ‘२३/५०’ असा चमकत्या शाईतला आकडा. याचा अर्थ अशी पन्नासच कार्डं छापली आणि हे त्यातलं तेविसावं. बोमन क्रोमच्या सही असलेल्या कार्डांत साधा रिफ्रॅक्टर (चमकत्या पृष्ठभागाचं पॅरलल) ४९९ चा, निळा १५० चा, सोनेरी ५० चा, नारिंगी २५ चा, लाल ५ चा, आणि सुपरफ्रॅक्टर एकमेव. ट्राउटचा २००९ चा सुपरफ्रॅक्टर २०१८ मध्ये सुमारे चार लाख डॉलरना गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये लिलावात त्याला ३९ लाख ३० हजार डॉलर मिळाले. मधल्या काळात त्यानं २०१९ चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, तिसऱ्यांदा मिळवला होता. पण भाव दहापट व्हायला तेवढं एकच कारण नव्हतं. महासाथीच्या वर्षात सगळ्या बाजाराला भरती आली होती, तीही त्यात होती.

१९८७ ते १९९३ च्या आसपासची कार्डं असतील तर फार आशा धरू नका. त्या काळात कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मानयादीतल्या) खेळाडूंचीही साधी कार्डं आज किरकोळ भावात मिळतात. केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं अपर डेक क्रमांक १ हे त्यातलं ठळक अपवादाचं कार्ड. तेही उत्तम ग्रेड (कार्डाच्या स्थितीला मिळालेले गुण) असेल तरच चांगले पैसे देतं.

२. खेळाडू कोणत्या टप्प्यावर आहे?

तीच बातमी वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या खेळाडूंच्या कार्डांवर वेगवेगळा परिणाम करते.

प्रॉस्पेक्ट म्हणजे अजून मायनर लीगमध्ये खेळणारा मुलगा. आपल्याकडे रणजी खेळणाऱ्या पोराकडे निवड समितीचं लक्ष असतं, तसं इथं सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्यांवर संग्राहकांचं लक्ष असतं. या काळात भावात निव्वळ आशा असते. बढती मिळाली की भाव वर जातो आणि मेजर लीगमध्ये बोलावणं आल्याच्या बातमीला तर उसळीच घेतो. आमचा सल्ला स्पष्ट आहे: प्रॉस्पेक्टची कार्डं नफ्यासाठी घेतली असतील तर त्या बातमीच्या दिवशीच निदान काही विका. त्या दिवशी त्याचं अपयश अजून कुणी पाहिलेलं नसतं.

जॅक्सन हॉलिडेचं बघा. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत) तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला होता. १० एप्रिल २०२४ ला तो बाल्टिमोरच्या संघाकडून मैदानात उतरला आणि पहिल्या दहा सामन्यांत ३४ अॅट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांत) दोन हिट (बेसवर पोहोचवणारे फटके), १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). संघानं त्याला पुन्हा ट्रिपल-एला पाठवलं. वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ फारसा काही नसतो, पण बोलावण्याच्या आठवड्यात कार्ड घेणाऱ्याला तो झटका सोसावाच लागतो. जॅसन डोमिंगेझची गोष्ट उलट्या बाजूनं शिकवते. २०२० च्या बोमनमध्ये सगळे त्याच्याच कार्डामागे होते. १ सप्टेंबर २०२३ ला न्यूयॉर्क यांकीजकडून पहिल्याच अॅट-बॅटला त्यानं पिचर (चेंडू टाकणारा) जस्टिन व्हरलँडरला होमरन मारला. आठ सामन्यांत चार होमरन झाले आणि लगेच कोपराचा अस्थिबंध फाटला. आशेच्या शिखरापासून दुखापतीपर्यंत दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत.

रुकी वर्षात भाव सगळ्यात चंचल असतो. १९९० मध्ये यांकीजच्या केव्हिन मासनं ७९ सामन्यांत २१ होमरन मारले आणि त्याच्या कार्डांवर लोक तुटून पडले. त्याची सगळी कारकीर्द ६५ होमरनवर संपली.

प्रस्थापित खेळाडूचा भाव हळू हलतो, मात्र पडला की खोल पडतो. कोडी बेलिंजर २०१७ चा सर्वोत्तम नवोदित, २०१९ ला ४७ होमरन आणि एमव्हीपी. पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) आनंद साजरा करतानाच खांदा निखळला आणि २०२१ ला त्याची सरासरी (दर अॅट-बॅटमागे हिट) .१६५ पर्यंत घसरली. २०२३ मध्ये शिकागो कब्सकडून तो पुन्हा छान खेळला. पण एकदा मनातून उतरलेल्या खेळाडूचं कार्ड जुन्या उंचीवर क्वचितच परत जातं, कारण त्याला मोठे पैसे देणारे लोक तोवर दुसऱ्या नावांकडे वळलेले असतात.

निवृत्त खेळाडूचे आकडे बदलत नाहीत. त्याच्या भावात मोठी हालचाल आणते ती हॉल ऑफ फेम. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी नाव मतदानाला येतं, ७५ टक्के मतं लागतात आणि दहा वर्षं संधी असते. निकाल जानेवारीत लागतो, पण मतपत्रिका उघड करणाऱ्यांमुळे अंदाज डिसेंबरातच येऊ लागतो आणि भाव तेव्हाच सरकतो.

३. कोणता आकडा बघायचा

होमरन भाव हलवतात, कारण ते सगळ्यांना दिसतात. उत्तम क्षेत्ररक्षण आणि धीरानं मिळवलेले वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) संघाला जिंकून देतात, पण कार्डाला फारसं काही देत नाहीत. हे अन्यायाचं वाटेल, तरी खरेदी करताना ते मान्य करूनच चालावं लागतं.

फॉर्म टिकेल की नाही हे ओळखायला फलंदाजाचे तीन आकडे पुरतात. एक, स्ट्राइकआउट आणि वॉक यांचं प्रमाण. हे इतर आकड्यांपेक्षा लवकर स्थिरावतं, म्हणून महिनाभराच्या खेळावरूनही काही सांगतं. दोन, बाबिप, म्हणजे मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूंवर हिट मिळण्याचं प्रमाण. लीगची सरासरी .३०० च्या आसपास असते. एखाद्या नवोदिताची फलंदाजी .३५० दिसते आणि बाबिप .४२० असेल, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा आहे. असं कार्ड विकायचं असतं, घ्यायचं नसतं. तीन, चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटतो. ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगवान फटक्यांना ‘हार्ड हिट’ म्हणतात, आणि बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर हे आकडे फुकट बघायला मिळतात. बाबिप कमी, सरासरी खालावलेली, पण फटके जोरदार असा खेळाडू दिसला तर त्याची कार्डं स्वस्तात उचलायची वेळ तीच.

मायनर लीगच्या आकड्यांत आणखी दोन गोष्टी तपासा. वय: डबल-एमध्ये १९ व्या वर्षी चांगलं खेळणारा आणि २४ व्या वर्षी तेच आकडे काढणारा, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि मैदान: अल्बुकर्की, रीनो, लास वेगास इथं हवा विरळ असल्यानं चेंडू लांब जातो, त्यामुळे तिथले होमरन थोडे कमी करूनच मोजा.

पिचरबाबत आम्ही नवख्यांना सावधच करू. कोपराचा एक अस्थिबंध गेला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया होते आणि परत यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. स्टीफन स्ट्रासबर्गनं ८ जून २०१० च्या पदार्पणात १४ स्ट्राइकआउट घेतले. त्याच सुमारास त्याचा एकमेव सुपरफ्रॅक्टर सोळा हजार डॉलरच्या वर विकला गेला. ऑगस्टमध्ये कोपर गेलं. पुढे २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) तो एमव्हीपी ठरला, तरी दुखापतींनी कारकीर्द लवकर संपवली. पॉल स्कीन्सचं पदार्पणाच्या शर्टावरची पट्टी लावलेलं एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरना गेलं हे खरं. पण ते जगात एकच आहे, आणि त्याच्या साध्या कार्डाला तो न्याय लागू होत नाही.

संघही महत्त्वाचा. यांकीज किंवा डॉजर्सचा खेळाडू तितक्याच कामगिरीवर लहान शहरातल्या संघाच्या खेळाडूपेक्षा महाग असतो. त्यामुळे खेळाडू मोठ्या संघाकडे जाण्याची शक्यता दिसत असेल, तर ती बदली व्हायच्या आधी त्याचं कार्ड घेण्यात अर्थ आहे.

४. वर्षाचं वेळापत्रक

नोव्हेंबर ते जानेवारी बाजार शांत असतो. पुरस्कार नोव्हेंबरच्या मध्यात जाहीर होतात, पण बहुतेक विजेत्यांचा अंदाज आधीच भावात उतरलेला असतो. खरेदीला हाच काळ चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्प्रिंग ट्रेनिंग (हंगामाआधीचा सराव) सुरू झालं की प्रत्येकाला आपला खेळाडू यंदा चमकणार असं वाटतं आणि भाव चढतात. एप्रिलमध्ये दहा सामन्यांवरून लोक टोकाचे निष्कर्ष काढतात. चांगली सुरुवात झालेलं कार्ड विकायला आणि चांगल्या खेळाडूच्या वाईट सुरुवातीत कार्ड घ्यायला हा महिना उत्तम. जुलैअखेर संघबदलाची मुदत आणि ‘द नॅशनल’ हे कार्डांचं मोठं प्रदर्शन येतं. सप्टेंबरमध्ये अमेरिकन फुटबॉल सुरू होतं, पैसा तिकडे वळतो. प्लेऑफमधल्या संघांचे तारेच तेवढे ऑक्टोबरपर्यंत टिकतात, आणि संघ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तेही उतरतात.

५. खरा भाव काढणं

ईबेवर कुणी काय मागतंय ते बघू नका. ‘सोल्ड’ हा गाळणीचा पर्याय लावा आणि झालेले सौदेच बघा. आकडा खोडलेला दिसला तर समजा की विक्रेत्यानं कमी रक्कम मान्य केली. ती खरी रक्कम १३०पॉइंट या संकेतस्थळावर दिसते. शेवटचे पाच सौदे घ्या, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, उरलेल्या तिनांची सरासरी काढा. वर्ष, क्रमांक, रंग आणि ग्रेड हे चारही तंतोतंत जुळले पाहिजेत. खेळाडूची बातमी काल आली असेल तर तीन आठवड्यांपूर्वीचा सौदा निरुपयोगी आहे. फक्त बातमीनंतरचे धरा, मग ते दोनच असले तरी चालतील.

६. ग्रेडिंग करावं का?

पीएसए, एसजीसी, बीजीएस, सीजीसी या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये घालतात. पाठवण्याआधी स्वतः तपासा. हात धुऊन कोरडे करा आणि कार्ड कडांनी धरा. टेबललॅम्पखाली ते हळूहळू तिरपं करत न्या: समोरून स्वच्छ दिसणाऱ्या क्रोम कार्डावर प्रकाश आडवा पडला की छपाईची केसासारखी रेघ किंवा पृष्ठभागावरची खोक उठून दिसते. मग चारही कोपरे भिंगाखाली बघा. पांढरा ठिपका दिसला तर दहाची ग्रेड हुकली. शेवटी पट्टीनं डावी-उजवी आणि वरची-खालची कड मिलिमीटरमध्ये मोजा. एक कड ३ आणि दुसरी २ मिलिमीटर असेल तर ते ६०-४० झालं. दहासाठी समोरून साधारण ५५-४५ च्या आत लागतं.

आता हिशेब करा. समजा ग्रेड न केलेलं कार्ड ४० डॉलरला घेतलं, ग्रेडिंगचे २५ आणि टपालाचे ५ गेले. एकूण खर्च ७०. दहा गुणांचं कार्ड १३० ला विकलं जातं आणि नऊ गुणांचं ५० ला. विक्रीवर ईबे साधारण १३ टक्के कापतं. दहा आले तर हातात ११३, म्हणजे नफा ४३. नऊ आले तर हातात साडेत्रेचाळीस, म्हणजे तोटा साडेसव्वीस. या आकड्यांत पाचपैकी दोन कार्डांना दहा मिळाले तर जेमतेम बरोबरी होते. दहा-नऊमधला फरक एवढा मोठा नसेल, तर कार्ड तसंच विकलेलं बरं.

आणखी एक धोका वेळेचा. कार्ड कंपनीकडे आठवडेच्या आठवडे अडकतं आणि तेवढ्यात खेळाडूचा फॉर्म जातो. दरम्यान इतरांचीही कार्डं दहा होऊन परत येत असतात. पीएसएच्या पॉप रिपोर्टमध्ये (कोणत्या ग्रेडची किती कार्डं झाली त्या यादीत) तुमच्या कार्डाचे किती दहा आहेत ते पाठवण्याआधी बघा आणि महिन्यानं परत बघा. खेळाडू तोच, फॉर्म तोच, तरी दहा गुणांची कार्डं शेकड्यांनी वाढली की भाव पडतो. २०२१ च्या मार्चअखेर पीएसएनं कामाच्या ढिगाऱ्यामुळे बहुतेक सेवा थांबवल्या होत्या. तो ढिगारा उपसला गेला तसा नव्या स्लॅबचा पूर आला, आणि महासाथीत चढलेले भाव उतरण्यामागे तेही एक कारण होतं.

७. भाव कोसळतो तेव्हा

दुखापतीत घाईनं विकू नका. बातमीच्या पहिल्या दोन दिवसांत सगळेच विकायला धावतात. तरुण फलंदाजाचं हाड मोडलं असेल तर तो बहुधा पूर्वीसारखा परततो. खांदा, पाठ आणि पिचरचं कोपर मात्र गंभीर धरा.

उत्तेजकांचा डाग यापेक्षा जिव्हारी लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फर्नांडो टाटिस ज्युनियरवर ८० सामन्यांची बंदी आली. बॅरी बाँड्सचे ७६२ होमरन हा विक्रम आहे, तरी २०२२ मध्ये दहाव्या आणि शेवटच्या मतदानातही तो हॉल ऑफ फेमच्या बाहेर राहिला. मार्क मॅग्वायरचं १९८५ चं टॉप्स क्रमांक ४०१ हे ऑलिम्पिक संघातलं कार्ड १९९८ मध्ये, त्यानं ७० होमरन मारले तेव्हा, गगनाला भिडलं होतं. आज ते त्या उंचीच्या जवळपासही नाही. अशा पडझडीनंतर ‘स्वस्त झालंय’ म्हणून घेऊ नका. हॉल ऑफ फेमची आशा संपली की दीर्घकाळ कार्ड धरून ठेवणारा ग्राहकच संपतो.

८. विकणं आणि पाठवणं

विक्रीचा आकडा खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवा. एकाच खेळाडूची अनेक कार्डं असतील तर सोपा नियम असा: भाव २.३ पट झाला की निम्मी विका. १३ टक्के कपात जाऊनही मूळ रक्कम सुटते आणि उरलेली निम्मी निर्धास्त ठेवता येतात. अमेरिकेत वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत संघीय कर लागू शकतो, म्हणून खरेदीच्या पावत्या जपा.

जाहिरातीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही फोटो टाका, दोष असेल तर त्याचा जवळून घेतलेला फोटोही टाका. लपवलेला ओरखडा म्हणजे परत आलेलं पार्सल. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) घाला. साध्या कार्डाला ३५ पॉइंट जाडीचा टॉपलोडर पुरतो. पट्टी किंवा कापड लावलेल्या जाड कार्डाला १३० किंवा १८० पॉइंटचा लागतो, नाहीतर कोपरे दबतात. टॉपलोडरच्या तोंडावर रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी लावा, तिचं एक टोक दुमडून ठेवा. साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरली तर ती काढताना ग्राहकाच्या हातून कार्ड निसटतं. बाहेरून पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मग बबल मेलर. वीस डॉलरपर्यंतच्या कार्डाला ईबेचं स्वस्त पाकीट चालतं. त्याहून महाग प्रत्येक कार्डाला ट्रॅकिंग घ्या, आणि खेळाडू फॉर्मात असेल तर त्याच दिवशी टपालात टाका: मधल्या चार दिवसांत तो दोनदा शून्यावर गेला की काही ग्राहक सौदा मोडायला कारण शोधू लागतात.